विश्लेषण : काम सुरू असूनही घराचा ताबा का लांबतो? बांधकामातील ‘क्रिटिकल पाथ’ काय सांगतो?

साइटवर चौकशी केली की ‘काम ८० टक्के झाले आहे’ असे सांगितले जाते. सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे, तर आकडा ९० टक्क्यांवर आलेला असतो. भिंती उभ्या असतात, रंगारी कामाला लागलेले दिसतात, पण ताब्याची तारीख पुढेच सरकत राहते. दरम्यान घेणाऱ्याचा कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो आणि भाड्याच्या घराचा करारही वाढवून घ्यावा लागतो.

काम सुरू असूनही तारीख का पुढे जाते, याचे उत्तर टक्केवारीत सापडत नाही. ते कामांच्या क्रमात असते. हा क्रम कागदावर मांडण्याची पद्धत म्हणजे नेटवर्क डायग्राम आणि त्यातून निघणारी सर्वांत लांब साखळी म्हणजे ‘क्रिटिकल पाथ’. ही साखळी कशी काढतात, घाई कुठे उपयोगी पडते, कुठे वाया जाते आणि कुठे ती करायचीच नसते, याचा हा आढावा.

नेटवर्क डायग्राम म्हणजे काय?

कोणत्याही बांधकामात दोन प्रकारची कामे असतात. काही एकामागून एकच होऊ शकतात. पाया झाल्याशिवाय कॉलम उभा राहत नाही, वीटकाम झाल्याशिवाय प्लास्टर होत नाही. काही कामे मात्र एकाच वेळी चालू शकतात. साइटवर खोदकाम सुरू असताना सुतार त्याच्या दुकानात दाराच्या चौकटी बनवू शकतो.

नेटवर्क डायग्राममध्ये प्रत्येक काम एका चौकोनात लिहितात आणि जे काम आधी व्हायला हवे तिथून पुढच्या कामाकडे बाण काढतात. प्रत्येक चौकोनात त्या कामाला लागणारे दिवस लिहितात. झाले जाळे तयार.

साइट ऑफिसच्या भिंतीवर अनेकदा आडव्या पट्ट्यांचा तक्ता लावलेला असतो. अमेरिकी अभियंता हेन्री गँट यांच्या नावाने तो ‘गँट चार्ट’ म्हणून ओळखला जातो. कोणते काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार, हे त्यात चटकन दिसते. पण एक काम आठ दिवस लांबले तर त्याच्या पुढची कोणती कामे हलतील, हे साध्या पट्ट्यांवरून कळत नाही. बाण असलेल्या जाळ्यात ते कळते.

एका घराचे उदाहरण

समजा, साताऱ्याजवळच्या एका गावात एक कुटुंब तळमजल्याचे आरसीसी घर बांधत आहे. काम १ फेब्रुवारीला सुरू करायचे आहे. सध्याच्या भाड्याच्या घराचा करार ३१ मे रोजी संपतो आणि त्यानंतर आठवडाभरात मृग नक्षत्र लागते. घराची कामे, त्यांना लागणारे दिवस आणि त्यांच्या आधी पूर्ण व्हायलाच हवीत अशी कामे पुढीलप्रमाणे धरू. हे दिवस उदाहरणापुरते आहेत, प्रत्येक साइटवर ते वेगळे असतील.

१. आखणी आणि खोदकाम : ५ दिवस. आधीचे काम नाही.
२. फुटिंग आणि जोत्यापर्यंतचे कॉलम : १० दिवस. खोदकामानंतर.
३. जोत्याचे बीम आणि मुरमाचा भराव : १० दिवस. फुटिंगनंतर.
४. वरचे कॉलम, सेंट्रिंग, सळई आणि स्लॅब ओतणे : १८ दिवस. जोत्यानंतर.
५. टेकू काढेपर्यंतची वाट : १४ दिवस. स्लॅबनंतर.
६. वीटकाम : १५ दिवस. टेकू निघाल्यावर आणि चौकटी आल्यावर.
७. दारांच्या चौकटी बनवून घेणे : २० दिवस. पहिल्या दिवसापासून कधीही.
८. भिंतीतले विजेचे आणि पाण्याचे पाइप : ६ दिवस. वीटकामानंतर.
९. आतले प्लास्टर : १० दिवस. पाइप बसवल्यावर.
१०. बाहेरचे प्लास्टर : ८ दिवस. वीटकामानंतर.
११. सेप्टिक टँक : १२ दिवस. खोदकामानंतर.
१२. सांडपाण्याची जोडणी : ३ दिवस. सेप्टिक टँक आणि भिंतीतले पाइप झाल्यावर.
१३. लादी : ८ दिवस. आतले प्लास्टर आणि सांडपाण्याची जोडणी झाल्यावर.
१४. रंगकाम : ८ दिवस. लादी आणि बाहेरचे प्लास्टर झाल्यावर.

सगळ्या कामांच्या दिवसांची नुसती बेरीज केली तर ती १४७ होते. पण घराला एवढे दिवस लागणार नाहीत, कारण काही कामे शेजारी-शेजारी चालतील. मग किती लागतील?

१०४ दिवस कसे निघाले?

पहिल्या कामापासून बाणांच्या दिशेने पुढे मोजत जायचे. नियम एकच. एखाद्या कामाच्या आधी दोन कामे असतील, तर त्यातले जे उशिरा संपते त्याची वाट पाहावी लागते.

खोदकाम पाचव्या दिवशी संपते. फुटिंग १५व्या, जोते २५व्या आणि स्लॅब ४३व्या दिवशी. टेकू ५७व्या दिवसानंतर निघतात. चौकटींचे काम पहिल्या दिवशी सुरू केले तर २०व्या दिवशीच तयार होते, पण वीटकामाला टेकू निघेपर्यंत थांबावेच लागते. म्हणून वीटकाम ५७व्या दिवसानंतर सुरू होऊन ७२व्या दिवशी संपते. भिंतीतले पाइप ७८व्या दिवशी, आतले प्लास्टर ८८व्या, लादी ९६व्या आणि रंगकाम १०४थ्या दिवशी.

म्हणजे सगळे सुरळीत झाले तर घर १०४ दिवसांत उभे राहते. फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला, तर ती तारीख १५ मे येते. भाडेकरार संपायला १६ दिवस उरतात.

खोदकाम, फुटिंग, जोते, स्लॅब, टेकू, वीटकाम, पाइप, आतले प्लास्टर, लादी, रंगकाम ही दहा कामांची साखळी म्हणजे या घराचा क्रिटिकल पाथ. जाळ्यात सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणारे अनेक रस्ते असतात. त्यातला सर्वांत लांब रस्ता घराची तारीख ठरवतो. या साखळीतले कोणतेही काम एक दिवस लांबले, तर ताबाही एक दिवस लांबतो.

उलटी मोजणी कशासाठी?

उरलेल्या चार कामांचे काय? त्यासाठी शेवटाकडून उलटे मोजत यायचे. रंगकाम १०४थ्या दिवशी संपवायचे तर ते ९६व्या दिवसानंतर लगेच सुरू व्हायला हवे. म्हणजे बाहेरचे प्लास्टर ९६व्या दिवसापर्यंत संपले तरी चालेल. ते ८०व्या दिवशीच संपू शकते. मधले १६ दिवस ही त्या कामाची सवड. अभियंते तिला ‘फ्लोट’ म्हणतात.

याच पद्धतीने सांडपाण्याच्या जोडणीला ७ दिवसांची, दारांच्या चौकटींना ३७ दिवसांची, तर सेप्टिक टँकला तब्बल ६८ दिवसांची सवड निघते. क्रिटिकल पाथवरच्या दहा कामांची सवड मात्र शून्य असते.

सवड आहे म्हणून काम शेवटपर्यंत लांबवावे, असा याचा अर्थ नाही. सेप्टिक टँकला ६८ दिवसांची सवड असली तरी खोदकामासाठी जेसीबी आलेला असतानाच त्याचाही खड्डा काढून घेणे शहाणपणाचे. तोच जेसीबी दोन महिन्यांनी पुन्हा बोलावला तर भाडे दुसऱ्यांदा द्यावे लागते आणि तोवर भिंती उभ्या राहिल्याने मागच्या बाजूला जायला वाटही राहत नाही. सवड म्हणजे अडचण आली तर तारीख न हलवता किती दिवस सोसता येतील, याचा आकडा.

सुताराला उशिरा सांगितले तर?

इथेच बहुतेक घरांची तारीख चुकते. चौकटींना ३७ दिवसांची सवड आहे म्हटल्यावर त्या कामाकडे कोणाचे लक्ष जात नाही. सुताराला काम सांगण्याची शेवटची तारीख ३७वा दिवस, म्हणजे ९ मार्च. त्या काळात सगळे स्लॅबच्या गडबडीत असतात. स्लॅब १५ मार्चला पडतो, मग पाणी मारण्याचे दिवस सुरू होतात आणि सुताराची आठवण होते थेट ५०व्या दिवशी, म्हणजे २२ मार्चला.

चौकटी २० दिवसांनी, ७०व्या दिवशी येतात. टेकू ५७व्या दिवसानंतरच निघालेले असतात. गवंडी, विटा, वाळू सगळे हजर असूनही वीटकाम १३ दिवस अडून राहते. घराची तारीख १५ मेवरून २८ मेवर जाते. भाडेकरार संपायला उरतात तीन दिवस.

आता क्रिटिकल पाथच बदललेला असतो. खोदकाम, जोते आणि स्लॅबऐवजी चौकटींची उशिरा दिलेली ऑर्डर तारीख ठरवू लागते. म्हणून हे जाळे एकदा काढून भिंतीवर लावले की संपले, असे होत नाही. दर आठवड्याला झालेल्या कामाचे दिवस भरून ते पुन्हा मोजावे लागते.

जादा मजूर लावून वेळ वाचतो का?

वाचतो, पण योग्य ठिकाणी लावले तरच. बाहेरच्या प्लास्टरला दुप्पट गवंडी लावून ते आठऐवजी चार दिवसांत उरकले, तर घर एक दिवसही लवकर होत नाही. त्या कामाला १६ दिवसांची सवड होतीच, ती २० झाली इतकेच. मजुरी मात्र जास्त गेली.

तोच पैसा आतल्या प्लास्टरवर लावला आणि ते दहाऐवजी सहा दिवसांत झाले, तर घर चार दिवस आधी पूर्ण होते. पण इथेही मर्यादा आहे. खूप गवंडी लावून ते दोन दिवसांत उरकायचे ठरवले, तर आठ दिवस वाचायला हवेत. प्रत्यक्षात सातच वाचतात, कारण तोवर सांडपाण्याची जोडणी संपलेली नसते आणि लादीवाल्याला तिची वाट पाहावी लागते. एक साखळी आखडली की दुसरी सर्वांत लांब होते. त्यापुढचा प्रत्येक रुपया फुकट जातो.

गवंड्यांची तुकडी एकच असेल तर कामाचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. वीटकाम संपताच त्यांनी आधी बाहेरचे प्लास्टर पूर्ण केले, तर ते ८०व्या दिवशी मोकळे होतील. आतले प्लास्टर ७८ऐवजी ८०व्या दिवसानंतर सुरू होईल आणि घर दोन दिवस लांबेल. आधी आतले आणि मग बाहेरचे केले, तर बाहेरचे प्लास्टर बरोबर ९६व्या दिवशी संपते आणि तारीख हलत नाही. माणसे तीच, मजुरी तीच, फक्त क्रम बदलला.

घाई कुठे करायचीच नाही?

या साखळीत एक काम असे आहे, जिथे कोणीही काम करताना दिसत नाही. ते म्हणजे स्लॅबचे टेकू काढेपर्यंतची वाट. वेळ कमी पडू लागला की पहिली नजर याच १४ दिवसांवर जाते. ‘स्लॅब कडक झालाय, काढा टेकू’, असे सांगणारे साइटवर कोणी ना कोणी असतेच.

काँक्रीटसाठीच्या ‘आयएस ४५६ : २०००’ या भारतीय मानकात याबाबत स्पष्ट किमान कालावधी दिले आहेत. कॉलम आणि भिंतींच्या उभ्या फळ्या १६ ते २४ तासांनी काढता येतात. स्लॅबचा गाळा ४.५ मीटरपर्यंत असेल तर त्याखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर किमान १४ दिवस ठेवावे लागतात. बीमसाठी ६ मीटरपर्यंतच्या गाळ्याला १४ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला २१ दिवस. उदाहरणातल्या घरासाठी धरलेले १४ दिवस इथूनच आले आहेत.

हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आहेत आणि तापमान १५ अंशांच्या खाली गेलेले नाही, असे त्यात गृहीत धरले आहे. फ्लायॲश मिसळलेल्या सिमेंटला सुरुवातीची ताकद यायला अधिक वेळ लागू शकतो. स्लॅबवर पाणी मारण्याचा किमान कालावधीही साध्या सिमेंटसाठी ७ दिवस, तर मिश्र सिमेंटसाठी १० दिवस असा मानकात वेगळा दिला आहे. त्यामुळे गोणीवर कोणते सिमेंट लिहिले आहे ते पाहून स्ट्रक्चरल अभियंत्याने सांगितलेले दिवसच पाळायचे.

काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांच्या चाचणीवर मोजली जाते. त्याआधी त्याचा भार टेकूंनी पेललेला असतो. जादा मजूर लावून सळई लवकर बांधता येते, सिमेंटला लवकर घट्ट व्हायला सांगता येत नाही. टेकू लवकर काढल्याने वाचणारे दिवस स्लॅबला तडे जाऊन, तो लवून किंवा कोसळून भरावे लागू शकतात. तिथे प्रश्न खाली उभ्या असलेल्या माणसांच्या जिवाचा असतो. नेटवर्क काढल्याचा मोठा फायदा हाच की, ही वाट टाळता येणार नाही हे पहिल्याच दिवशी दिसते. मग वाचवायचे दिवस सुताराकडे, सळईच्या कामात किंवा आतल्या प्लास्टरमध्ये शोधता येतात.

ही पद्धत आली कुठून?

क्रिटिकल पाथचा जन्म घरबांधणीत झाला नाही. ड्यूपाँ या अमेरिकी रसायन कंपनीला कारखाने उभारताना आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवताना वेळेचा हिशेब लागत नव्हता. कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीतले जेम्स केली यांनी १९५६-५७ मध्ये या प्रश्नावर काम सुरू केले. युनिव्हॅक संगणकावर त्यांनी कामांचे जाळे मोजण्याची रीत बसवली. लुइव्हिल इथल्या कारखान्याच्या दुरुस्तीसाठी सरासरी १२५ तास काम बंद ठेवावे लागे. या पद्धतीने ते ९३ तासांवर आले.

त्याच सुमारास, १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी ‘पर्ट’ ही जुळी पद्धत तयार केली. क्षेपणास्त्राची कामे पूर्वी कोणी केलेली नव्हती. त्यामुळे प्रत्येक कामासाठी एक आकडा देण्याऐवजी सर्वांत कमी, बहुधा लागणारे आणि सर्वांत जास्त असे तीन अंदाज घेतले गेले. मधल्या अंदाजाला चारपट वजन देऊन तिन्हींची बेरीज करायची आणि तिला सहाने भागायचे, हे त्याचे सूत्र. स्लॅबच्या कामाला कमीत कमी १५, बहुधा १८ आणि जास्तीत जास्त २७ दिवस लागतील असे वाटत असेल, तर या सूत्राने १९ दिवस येतात.

संगणक तेव्हा मोजक्याच संस्थांकडे होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जॉन फाँडाल यांनी १९६१ मध्ये बांधकाम व्यवसायासाठी ही पद्धत संगणकाशिवाय, कागदावर कशी वापरता येईल हे दाखवले. काम चौकोनात आणि क्रम बाणात, ही आजची सोपी मांडणी त्यांच्याच कामातून पुढे आली. मोठ्या प्रकल्पांत आज ‘प्रायमाव्हेरा’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’ हजारो कामांचे असे जाळे क्षणात मोजतात. आतला हिशेब मात्र वर केला तोच.

गोखले पुलाच्या कामात काय दिसले?

साखळीतली सगळीच बंधने साइटच्या आतली नसतात. अंधेरीचा गोखले पूल हे मुंबईकरांच्या ओळखीचे उदाहरण. धोकादायक ठरल्याने तो ७ नोव्हेंबर २०२२ रोजी वाहतुकीसाठी बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी, तर पूर्ण पूल मे २०२५ मध्ये खुला झाला.

या पुलाचा मधला भाग पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून जातो. लोखंडी गर्डर तयार असले तरी ते रुळांवर सरकवायला रेल्वेचा ब्लॉक लागतो, म्हणजे गाड्या थांबवून मिळणारे रात्रीचे काही तास. गर्डरला एक दिवस उशीर झाला आणि ठरलेला ब्लॉक हुकला, तर नुकसान एका दिवसाचे राहत नाही. पुढचा ब्लॉक मिळेपर्यंत थांबावे लागते.

दुसरे बंधन शेजारच्या पुलाचे होते. रुळांवरची उंची रेल्वेच्या नियमांनुसार वाढली आणि नवा गोखले पूल व जुना बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या पातळीत फरक पडला. त्यामुळे पहिली बाजू सुरू झाली तेव्हा दोन्ही पूल जोडलेले नव्हते. बर्फीवाला पुलाचा भाग उचलून जोडणी करण्यात आली आणि ती जुलै २०२४ मध्ये वाहतुकीला खुली झाली. दोन कामांमधला बाण किती महत्त्वाचा असतो, हे त्या काही महिन्यांत रोज तिथून जाणाऱ्यांनी अनुभवले.

या पद्धतीच्या मर्यादा काय?

जाळे तेवढेच खरे, जेवढे त्यात भरलेले दिवस खरे. उदाहरणात सुट्ट्या धरलेल्या नाहीत. प्रत्यक्षात शिमग्याला मजूर गावी जातात, एप्रिल-मेमध्ये गावोगावच्या यात्रा असतात. मजूर परत यायला आठवडा लागला आणि तेव्हा सेंट्रिंगचे काम सुरू असेल, तर तो आठवडा थेट ताब्याच्या तारखेत मिळवावा लागतो.

पावसाचा भरवसाही धरता येत नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. सुताराच्या उशिरामुळे २८ मेवर गेलेले घर अशा वर्षी भर पावसात रंगवावे लागले असते. म्हणून जाणकार अखेरच्या तारखेआधी काही दिवस राखून ठेवतात आणि ते कोणत्याही एका कामाला आधीच वाटून टाकत नाहीत.

पैसा हा बाण जाळ्यात अनेकदा काढलाच जात नाही. स्लॅबसाठीचा कर्जाचा हप्ता बँकेकडून यायला दहा दिवस लागत असतील, तर ‘बँकेची पाहणी आणि हप्ता’ हेही एक काम म्हणून चौकोनात लिहावे लागते.

मग काय विचारायचे?

आता पुन्हा त्या ८० टक्क्यांकडे. टक्केवारी बहुधा झालेल्या कामाच्या किमतीवर किंवा प्रमाणावर काढली जाते. इमारतीचा सांगाडा, भिंती, प्लास्टर यांत मोठा खर्च होतो आणि आकडा झपाट्याने वाढतो. उरलेल्या टप्प्यात लिफ्ट बसवणे आणि तिचा परवाना, अग्निशमन यंत्रणा आणि तिचा ना-हरकत दाखला, पाण्याची जोडणी, सांडपाणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र अशी कामे असतात. त्यांची किंमत कमी, पण साखळी लांब. कारखान्यातून लिफ्ट यायला चार महिने लागणार असतील आणि ऑर्डरच दिली नसेल, तर रंगकाम कितीही झाले तरी ताब्याची तारीख लिफ्टवरच ठरणार.

फ्लॅट घेणाऱ्याने साइटवर ‘किती टक्के झाले’ असे विचारण्याऐवजी चार प्रश्न विचारावेत. सध्या कोणत्या कामामुळे तारीख अडली आहे? त्यानंतरचे कोणते काम त्याची वाट पाहत आहे? लिफ्ट, खिडक्या, ट्रान्सफॉर्मर अशा बाहेरून येणाऱ्या वस्तूंची ऑर्डर कोणत्या तारखेला दिली? भोगवटा प्रमाणपत्रासाठी कोणते दाखले अजून बाकी आहेत?

मिळालेली उत्तरे महारेराच्या संकेतस्थळावरील माहितीशी ताडून पाहता येतात. स्थावर संपदा कायदा, २०१६ नुसार विकासकाने प्रकल्पाच्या प्रगतीची माहिती दर तिमाहीला अद्ययावत करायची असते. प्रकल्प पूर्ण करण्याची तारीखही तिथे नोंदवलेली असते. करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर कलम १८ नुसार ग्राहक प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागू शकतो किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याच्या विलंबाचे व्याज मागू शकतो.

स्वतःचे घर बांधणाऱ्याला तर सॉफ्टवेअरही लागत नाही. १४ कामांचे जाळे वहीच्या एका पानावर मावते. ठेकेदार, गवंडी आणि सुतार यांच्यासोबत बसून ते एकदा काढायचे, शून्य सवडीची कामे लाल पेनाने रंगवायची आणि दर रविवारी झालेले दिवस त्यात भरायचे. सवड असलेल्या प्रत्येक कामासमोर ते सुरू करण्याची शेवटची तारीखही लिहायची. उदाहरणातल्या घरात सुतारासमोर ‘९ मार्च’ लिहिलेले असते, तर हे कुटुंब १५ मे रोजीच राहायला गेले असते.